विहिरीतली बुडी, समुद्रातली बुडी



एप्रिल-मे महिन्यांत आपल्या खानदेशात ऊन कसे तापते, हे तुम्हांला सांगायला नको. जळगावात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि मग केळीच्या मळ्यांतल्या विहिरींवर पोरांची झुंबड उडते. नवखा मुलगा पाठीला भोपळा किंवा डबा बांधून पायऱ्यांवरून हळूच पाण्यात उतरतो. पट्टीचा पोहणारा मात्र थेट काठावरून सूर मारतो. मग पैजा लागतात. पाण्यात नाणे टाकायचे आणि तळाशी जाऊन ते वर आणायचे. छातीभर श्वास घ्यायचा, ओठ घट्ट मिटायचे, बुडी मारायची, नाणे मुठीत धरायचे आणि झरझर वर यायचे. डोके पाण्याबाहेर येईपर्यंत श्वास सोडायचा नाही, हा नियम आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. तो अंगवळणीच पडलेला असतो.

हाच नियम एका ठिकाणी प्राणघातक ठरतो. ते ठिकाण कोणते आणि का, ते आज पाहू.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी आमच्या महाविद्यालयातील बारा विद्यार्थ्यांना घेऊन मालवणला गेलो होतो. जळगावहून मुंबई, तेथे गाडी बदलून कोकण रेल्वेने कुडाळ आणि तेथून एस.टी.ने मालवण, असा प्रवास. मालवणच्या परिसरात पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात बुडी मारायला शिकवतात. या प्रकाराला ‘स्कूबा’ म्हणतात. इंग्रजीतील पाच शब्दांच्या आद्याक्षरांपासून हे नाव तयार झाले आहे. त्याचा अर्थ, पाण्याखाली श्वास घेण्याचे, स्वतःबरोबर नेता येणारे साधन.

शिकवणाऱ्या गृहस्थांनी पहिल्याच दिवशी सर्वांना ओळीत बसवून सांगितले, “बाकी सगळे विसरलात तरी चालेल, पण एक गोष्ट विसरू नका. पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरायचा नाही. वर येताना तर मुळीच नाही.”

आमच्यात यावलकडचा एक मुलगा होता. विहिरीत वाढलेला. तो हसून म्हणाला, “सर, मी तर विहिरीत दीड मिनिट दम धरतो!”

दुसऱ्या दिवशी सराव होता. पाणी जेमतेम ४ मीटर खोल. या मुलाच्या डोळ्यांवरच्या मुखवट्यात थोडे पाणी शिरले आणि तो गडबडला. गडबडलेला माणूस सवयीने वागतो. त्याने छाती भरून श्वास घेतला, ओठ घट्ट मिटले आणि विहिरीत मारावी तशी वर येण्यासाठी लाथ मारली. शिक्षकांनी क्षणात त्याचा पट्टा पकडला, त्याला खाली धरून ठेवले आणि त्याच्या छातीवर हात ठेवून श्वास सोडण्याची खूण केली. त्याच्या तोंडातून बुडबुड्यांचा लोट बाहेर पडला. मगच त्यांनी त्याला सावकाश वर आणले. झाले काहीच नाही. पण काय होऊ शकले असते, याचा हिशोब मी त्या रात्री कागदावर मांडला आणि मला झोप आली नाही. बॉइलचा नियम मी कितीतरी वर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो. तो नियम माझ्या विद्यार्थ्याच्या छातीत शिरलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

विहिरीत त्याने शंभरदा केलेली गोष्ट समुद्रात धोक्याची का ठरावी? तेही विहिरीपेक्षा उथळ पाण्यात? चला, हा हिशोब आपण मिळून करू.

वीतभर पाणी

आपण सारे हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. डोक्यावरच्या हवेच्या वजनामुळे आपल्या शरीराच्या दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम वजनाइतका दाब पडत असतो. यालाच आपण ‘एक वातावरण’ दाब म्हणतो. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर उंचीवर आहे. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर अशी उंची लिहिलेली असते, ती कधी वाचून पाहा. म्हणजे जळगावहून मालवणच्या किनाऱ्यावर गेलो की आपल्या डोक्यावर २०० मीटर हवा जास्त चढते. तिच्यामुळे दाब किती वाढतो? एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम असते, तर तेवढ्याच पाण्याचे १००० किलोग्रॅम. हिशोब केलात तर २०० मीटर हवेची बरोबरी फक्त २४ सेंटिमीटर पाणी करते, असे उत्तर येईल. म्हणजे जळगाव ते मालवण एवढ्या प्रवासात जेवढा दाब वाढला, तेवढा पाण्यात एक वीत खाली गेल्याने वाढतो!

यावरून पाणी किती झपाट्याने दाब वाढवते ते ध्यानात येईल. दर १० मीटर खोलीला साधारण १ वातावरण दाब वाढतो. पृष्ठभागावर १ वातावरण, १० मीटरवर २, २० मीटरवर ३ आणि ३० मीटरवर ४. समुद्राचे पाणी खारट असल्यामुळे विहिरीच्या पाण्यापेक्षा किंचित जड असते, पण आपल्या हिशोबात त्याने फारसा फरक पडत नाही.

हा दाब आपल्या हाडामांसाला जाणवत नाही, कारण त्यात बहुतेक पाणीच आहे आणि पाणी जवळजवळ दबतच नाही. दबते ती शरीरातल्या पोकळ्यांमधली हवा. म्हणूनच एक-दोन मीटर खाली गेल्याबरोबर पहिली तक्रार कान करतात. अशा वेळी नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारली की घशातून कानाकडे जाणाऱ्या बारीक नळीतून हवा आत शिरते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. सर्दी झालेली असली की ही नळी तुंबते, म्हणून सर्दी असताना बुडी मारायची नसते.

पपईचा देठ का चालत नाही?

तुमच्यापैकी काहींनी पपईच्या पानाचा पोकळ देठ किंवा ठिबक सिंचनाची नळी तोंडात धरून पाण्याखाली श्वास घ्यायचा प्रयत्न केला असेल. वीतभर खोलीवर ते जमते. मग दोन-तीन मीटर लांब नळी घेऊन विहिरीच्या तळाशी का बसता येऊ नये?

समजा, तुमची छाती अर्धा मीटर खोल आहे. नळीतून येणारी हवा वरच्या, म्हणजे १ वातावरण दाबाची आहे. पण छातीवर बाहेरून दर चौरस सेंटिमीटरला ५० ग्रॅम जास्त दाब पडतो आहे. छातीच्या पुढच्या भागाचे क्षेत्रफळ ९०० चौरस सेंटिमीटर धरा. एकूण भार झाला ४५ किलोग्रॅम. सिमेंटचे जवळजवळ भरलेले पोते छातीवर ठेवून प्रत्येक श्वास घ्यायचा, असा हा प्रकार आहे. एक मीटरवर तो भार दुप्पट होतो आणि छाती हलेनाशी होते. शिवाय लांब नळीत आपणच सोडलेली वापरलेली हवा साचून राहते व तीच पुन्हा आत येते. म्हणून नळीचा हा प्रयोग कोणीही करू नये.

यावर उपाय एकच. ज्या खोलीवर आपण आहोत, तेथील पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा फुप्फुसांत आली पाहिजे. हे काम करणारी सोयीची झडप १९४३ साली फ्रान्समध्ये तयार झाली. झाक-ईव कूस्तो हे नौदलातील अधिकारी आणि एमिल गान्यां हे अभियंते, अशा दोघांची ती कामगिरी. महायुद्धामुळे पेट्रोलची टंचाई होती आणि मोटारी इंधनवायूवर चालवाव्या लागत होत्या. त्यासाठी गान्यां यांनी केलेल्या झडपेत फेरफार करून पाणबुड्याची झडप बनली. तिच्यात एक रबरी पडदा असतो. त्याच्या एका बाजूला समुद्राचे पाणी आणि दुसऱ्या बाजूला हवा. तुम्ही श्वास ओढलात की पडदा आत ओढला जातो, झडप उघडते आणि बाहेरच्या पाण्याइतका दाब होईपर्यंत हवा आत येते. खोली वाढली की हवेचा दाबही आपोआप वाढतो. म्हणून १० मीटरवरदेखील आपण घरात बसल्यासारखा सहज श्वास घेतो.

दोन बुड्यांतला फरक

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६२ साली मांडलेला नियम तुम्हांला पाठ असेल: तापमान कायम असताना ठराविक वायूचा दाब व त्याचे आकारमान यांचा गुणाकार कायम राहतो. दाब दुप्पट केला की आकारमान निम्मे होते. दाब निम्मा केला की आकारमान दुप्पट होते.

विहिरीतली बुडी घ्या. काठावर तुम्ही ५ लिटर हवा छातीत भरली. ४ मीटर खोलीवर दाब १.४ वातावरण आहे. ५ ला १.४ ने भागा. हवा दबून सुमारे ३.६ लिटर झाली. वर आलात की ती फुगून पुन्हा ५ लिटर. जेवढी नेली तेवढीच परत आली. फुप्फुसांवर ताण पडण्याचा प्रश्नच नाही. म्हणून विहिरीत श्वास रोखणे योग्य.

आता आमच्या विद्यार्थ्याची बुडी घ्या. त्याने ५ लिटर हवा वर नाही, तर ४ मीटर खाली, टाकीतून घेतली. ती आधीच १.४ वातावरण दाबाची होती. तो ओठ मिटून वर आला असता, तर तिचे आकारमान ५ गुणिले १.४, म्हणजे ७ लिटर झाले असते. जास्तीच्या २ लिटरांना छातीत जागा कोठे? फुप्फुसे म्हणजे अतिशय नाजूक हवेच्या कोशांचे घोस. ते फाटले की हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात. रक्ताबरोबर ते मेंदूत पोहोचले, तर माणूस पृष्ठभागावर येताच बेशुद्ध पडू शकतो. छाती गच्च भरलेली असेल तर सव्वा-दीड मीटर खोलीवरून वर येतानाही ही इजा होऊ शकते. सव्वा-दीड मीटर म्हणजे एखाद्या हौदाची खोली!

येथे आणखी एक गोष्ट नीट पाहा. ३० मीटरवरून २० मीटरवर आलात, तर दाब ४ वरून ३ वातावरण होतो आणि हवा सुमारे १.३३ पट होते. २० वरून १० वर येताना ती दीडपट होते. पण १० मीटरवरून पृष्ठभागावर येताना ती दुप्पट होते. अंतर प्रत्येक वेळी तेवढेच, पण बदल सर्वांत मोठा शेवटच्या टप्प्यात. “आता काय, वर पोहोचलोच,” असे ज्या ठिकाणी वाटते, तेच ठिकाण सर्वांत जपण्याचे!

खानदेशातल्या मुलांसाठी मी हे आवर्जून लिहितो आहे, कारण विहिरीत आणखी एक खेळ चालतो. रिकामा हंडा पालथा धरून पाण्यात ओढून न्यायचा आणि आत अडकलेल्या हवेत श्वास घ्यायचा. ही हवा त्या खोलीच्या दाबाने दबलेली असते. म्हणजे हंडा हा स्कूबाचा भाऊच झाला. त्यातली हवा छातीत भरून, श्वास रोखून वर येणे म्हणजे आमच्या विद्यार्थ्याने केली तीच चूक. हा खेळ खेळू नका आणि मित्रांनाही खेळू देऊ नका.

निवतीच्या खडकांपाशी

सराव पुरा झाल्यावर आम्ही होडीतून निवतीच्या खडकांकडे गेलो. मालवण आणि वेंगुर्ले यांच्या दरम्यान, किनाऱ्यापासून दूर समुद्रात बेटांचा एक छोटा पुंजका आहे. नकाशात त्यांना वेंगुर्ला रॉक्स किंवा बर्न्ट आयलंड्स असे म्हटलेले आढळेल. तेथे वस्ती नाही. एक दीपगृह आहे आणि खडकांतल्या गुहांमध्ये पाकोळ्या घरटी करतात.

उडी मारण्यापूर्वी मी मुलांना पाठीवरच्या टाकीचा हिशोब घातला. टाकीची धारकता १२ लिटर. तीत २०० वातावरण दाबाने हवा भरली आहे. बाहेर मोकळी सोडली तर ती सुमारे २४०० लिटर होईल. तिचे वस्तुमान जवळजवळ २.९ किलोग्रॅम. होय, टाकीतली नुसती हवाच पावणेतीन किलोहून जास्त! मिनिटाला २० लिटर हवा लागते असे धरले, तर पृष्ठभागावर ती १२० मिनिटे पुरेल. १० मीटरवर प्रत्येक श्वासात दुप्पट दाबाची हवा जाते, म्हणून ६० मिनिटे. २० मीटरवर ४० आणि ३० मीटरवर अवघी ३० मिनिटे. शिवाय टाकी पूर्ण रिकामी होऊ द्यायची नसते, वर येण्यासाठी हवा राखावी लागते. म्हणून पाणबुड्याचे लक्ष सतत दाबमापकाच्या काट्याकडे असते.

पाण्याखाली गेलो आणि पहिली गंमत डोळ्यांची झाली. नुसत्या डोळ्यांनी पाण्यात सारे धूसर दिसते, कारण डोळ्याच्या पुढच्या पडद्याचा आणि पाण्याचा वक्रीभवनांक जवळजवळ सारखाच आहे. मुखवट्यामुळे डोळ्यांपुढे हवा राहते आणि चित्र स्पष्ट होते. पण पाण्यातून काचेमागच्या हवेत शिरताना किरण वळतात, त्यामुळे वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊणपट जवळ आणि मोठी दिसते. हाताशी आला असे वाटलेला मासा हाताला लागत नाही. दुसरी गंमत रंगांची. पाणी तांबडा प्रकाश आधी शोषून घेते, त्यामुळे काही मीटरांतच लाल पट्टा मळकट तपकिरी दिसू लागतो.

खडकांवर प्रवाळ होते. हे दगड नव्हेत, असंख्य इवल्या प्राण्यांनी बांधलेली वसाहत आहे. तिच्यावर पाय पडला तर ती मरते. मालवणच्या किनाऱ्यालगतचा २९ चौरस किलोमीटरचा प्रदेश १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला, तो अशाच जीवसृष्टीसाठी.

पण मला सर्वांत आवडले ते आमचे स्वतःचे बुडबुडे. तळाशी पाठीवर पडून वर पाहा. तोंडाजवळ निघालेला बुडबुडा बोराएवढा असतो. वर जाता जाता तो फुगतो. १० मीटरवरून निघालेल्या बुडबुड्याचे आकारमान पृष्ठभागाशी दुप्पट होते. मात्र व्यास दुप्पट होत नाही, तो फक्त सव्वापट होतो. का, ते तुम्ही काढा. यावलच्या त्या मुलाने मला खूण करून वर बोट दाखवले. बॉइलचा नियम आमच्या डोळ्यांदेखत वर चालला होता.

सोड्याची बाटली

वर येताना शिक्षकांनी आम्हांला ५ मीटरवर तीन मिनिटे थांबवले. सारे श्वास घेत होते, तरी थांबायचे कशाला?

गोटी सोड्याची बाटली फोडली की फसफस होते, कारण दाबाखाली विरघळलेला वायू दाब कमी होताच बाहेर पडतो. द्रवात किती वायू विरघळेल हे त्या वायूच्या दाबावर अवलंबून असते, हा हेन्रीचा नियम. खोल पाण्यात दाबलेल्या हवेतला नायट्रोजन रक्तात जास्त विरघळतो. भरकन वर आलो, तर रक्तातच सोड्याची बाटली फुटते. एकोणिसाव्या शतकात नद्यांवरील पुलांचे पाये दाबलेल्या हवेच्या पेट्यांत बसून खणत. त्यातून वर आलेले मजूर सांधेदुखीने वाकडे होत, काही पांगळे होत, काही मरत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग यांनाही १८७२ साली या व्याधीने अंथरुणाला खिळवले. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ साली नायट्रोजनचे बुडबुडे हे तिचे कारण दाखवून दिले. पुढे जॉन हाल्डेन यांनी बोकडांवर प्रयोग करून, टप्प्याटप्प्याने थांबत वर कसे यावे, याची कोष्टके १९०८ साली प्रसिद्ध केली. आज मिनिटाला साधारण ९ मीटरपेक्षा वेगाने वर यायचे नाही, असा दंडक आहे. लागोपाठ बुड्या मारल्यावर निदान १८ तास विमानात बसायचे नाही आणि लगेच उंच घाटही चढायचा नाही, असेही सांगतात. कारण तेथे हवेचा दाब आणखी कमी असतो.

करून पाहा

बॉइलचा नियम पाहण्यासाठी समुद्रावर जाण्याची गरज नाही. शिक्षकांना बरोबर घ्या आणि पक्का कठडा असलेल्या विहिरीवर जा. एका बाजूने बंद अशी काचेची लांब परीक्षानळी घ्या. कागदाच्या अरुंद पट्टीवर शाईच्या पेनाने उभी रेघ ओढा, ती वाळू द्या आणि पट्टी नळीत बसवा. नळीचे तोंड खाली राहील अशी ती एका काठीला बांधा, काठीला दगडाचे वजन लावा आणि दोरीने सरळ खाली सोडा. दोरीवर दर मीटरला गाठ मारा. ५ मीटर पाण्यात नळी गेली की दाब दीडपट होईल, हवा दोन-तृतीयांश होईल आणि पाणी नळीचा एक-तृतीयांश भाग व्यापेल. नळी वर काढल्यावर हवा फुगून पाणी निघून गेलेले असेल, पण शाई जेथवर विरघळली ती खूण राहील. कागद थोडे पाणी वर ओढतो, तेवढी चूक धरा. पाण्याखाली नळीतली हवा किती दबली होती, हे ती खूण सांगेल.

परतीच्या गाडीत यावलचा तो विद्यार्थी माझ्या शेजारी बसला होता. वहीत त्याने ४ गुणिले, ५ गुणिले असे काहीतरी मांडले होते. बऱ्याच वेळाने म्हणाला, “सर, परीक्षेत बॉइलच्या नियमावर मला पैकीच्या पैकी मार्क होते.”

“मग?”

“पाण्यात मात्र आठवला नाही.”

नियम पाठ असणे वेगळे आणि वेळेला आठवणे वेगळे. तो वेळेला आठवावा म्हणून सराव करायचा असतो आणि म्हणूनच जाणत्या, प्रशिक्षित शिक्षकाशिवाय स्कूबाची टाकी पाठीवर घ्यायची नसते. तुम्ही कधी समुद्रात बुडी मारायला गेलात, तर विहिरीतली सवय किनाऱ्यावर ठेवून जा. श्वास घेत राहा, सोडत राहा आणि आपल्याच बुडबुड्यांच्या मागे सावकाश वर या.